सहा वर्षांच्या रूबीची गोष्ट दुसरीच्या मुलांना सांगायची की नाही?

14 नोव्हेंबर 1960. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी फेडरल मार्शलांच्या बंदोबस्तात शाळेत गेली. तोपर्यंत ती शाळा फक्त गोऱ्या मुलांची होती. बाहेर जमाव तिच्यावर ओरडत होता. अनेक गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. रूबी वर्षभर वर्गात एकटीच शिकली.

पुढे रूबी ब्रिजेस यांनी हा अनुभव लहान मुलांसाठी एका सचित्र पुस्तकात लिहिला.

वाद काय झाला?
2021 मध्ये टेनेसी राज्यात पालकांच्या एका संघटनेने दुसरीला शिकवल्या जाणाऱ्या या पुस्तकासह काही धड्यांविरोधात तक्रार केली. हे शिक्षण गोऱ्यांविरोधी आहे, असा आक्षेप होता. शिक्षण विभागाने तांत्रिक कारणावरून तक्रार फेटाळली. त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहिला.

पण पुस्तकात फक्त जमाव नाही. रिकाम्या वर्गात रूबीला रोज शिकवणाऱ्या बार्बरा हेन्री याही गोऱ्याच होत्या. पुस्तक मुलांना दोन्ही बाजू दाखवतं. आणि जे रूबीने सहाव्या वर्षी सोसलं, ते सात-आठ वर्षांच्या मुलांनी वाचूही नये का?