आधी घर, मग हॅमस्टर

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला हॅमस्टर हवा आहे. कारण नेहमीचंच. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे आहे, आणि मोबाईलवर गाल फुगवून बसलेले हॅमस्टर रोज दिसतात. मी हो म्हटलं, पण एका अटीवर. हॅमस्टर सगळ्यात शेवटी येईल. त्याचं घर, चाक, पाण्याची बाटली, खाणं हे सगळं आधी येईल आणि काही आठवडे रिकामंच घरात राहील. सध्या आमच्या मुंब्र्याच्या घरात ही तयारी चालू आहे. ती करताना माझं एक मत पक्कं होत गेलं, तेच इथे मांडतो. आपण प्राणी आवडीने आणतो, पण त्याला काय लागतं हे मात्र दुकानदाराला ठरवू देतो.

घरातून पहिला आक्षेप अम्मीचा आला. "आखिर है तो चूहाच ना?" तिला चुकीचं कसं म्हणणार? हॅमस्टर कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकीच आहे. फक्त प्राणिशास्त्रात त्याचं कुळ घरातल्या उंदीर-घुशींपेक्षा वेगळं मानतात. पण अम्मीचा मुद्दा प्राणिशास्त्राचा नव्हता, पाकी-नापाकीचा होता. हदीसमध्ये ज्या पाच उपद्रवी जीवांना मारण्याची मुभा दिली आहे त्यांत उंदीर आहे, मग त्याच्या भावकीतल्याला घरात पाळायचं कसं? मी आलिम नाही. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय की पिंजरा नमाज पढायच्या खोलीत नसेल, आणि त्याला हाताळलं की साबणाने हात धुवायचे.

मला खटकतं ते दुसरंच. प्राणी पाळण्याचा विषय निघाला की आपल्याकडे सगळी चर्चा याच प्रश्नापाशी थांबते. जायज आहे का, कपड्याला लागलं तर चालेल का, फरिश्ते येतात का. हे सगळे प्रश्न आपल्याबद्दलचे आहेत, प्राण्याबद्दलचा एकही नाही. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या बाईने मांजर पाळली म्हणून तिला शिक्षा झाली नाही. तिने मांजरीला खाऊ घातलं नाही आणि स्वतःचं खाणं शोधायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून झाली. कोंडणं आलं की कोंडलेल्याचा हक आला. पिंजऱ्यातला जीव स्वतःसाठी काहीच करू शकत नाही, म्हणून त्याचं सगळंच आपल्या गळ्यात.

आता हा हक नेमका किती, हे कळायला तो प्राणी कुठला आहे ते बघावं लागतं. दुकानात जो सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर मिळतो, त्याचं मूळ गाव हलब, म्हणजे सीरियातलं अलेप्पो. 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या शेतातलं एक बीळ खणवलं आणि त्यात सापडलेली पिल्लं जेरुसलेमला नेली. आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एकाच वेतातल्या काही पिल्लांचे वंशज आहेत. तिकडे मूळ गावी मात्र शेतकरी त्याला पिकाचा शत्रू समजून मारतो, आणि रानातला हॅमस्टर आता धोक्यात आलेल्या प्राण्यांमध्ये मोजला जातो.

तर हा प्राणी शेताखाली, हातभर किंवा त्याहून खोल बीळ करून एकटा राहणारा. दिवसाचा दाह तो बिळात काढतो, वर येऊन गालांच्या पिशव्यांत दाणे भरतो आणि खाली नेऊन साठवतो. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला जो शब्द आहे तो याच्याच नावावरून आला. एवढं समजलं तरी दुकानात काय घ्यायचं आणि काय नाही, याचा निम्मा निकाल लागतो.

दुकानात आम्हाला दाखवला तो पिंजरा गुलाबी, दुमजली, आणि लांबी जेमतेम फूटभर. खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे, म्हणजे खणायला जागाच नाही. चाक इतकं लहान की त्यात धावताना पाठ उलटी वाकेल. युरोपातल्या पशुवैद्यांच्या संघटना एका हॅमस्टरला किमान 100 सेंटीमीटर लांब आणि 50 सेंटीमीटर रुंद जागा द्या असं सांगतात. 2006 साली बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी काही हॅमस्टरांना 10, काहींना 40 आणि काहींना 80 सेंटीमीटर खोल भुशात ठेवून पाहिलं. ज्यांना फक्त 10 सेंटीमीटर भुसा मिळाला त्यांनी पिंजऱ्याच्या सळ्या सगळ्यात जास्त कुरतडल्या. आपण बघून म्हणतो, दात शिवशिवतायत. खरं तर त्याला खाली जायचंय आणि खाली प्लास्टिक आहे.

आम्ही शेवटी माशांच्या काचेच्या टाक्या बनवणाऱ्याकडून साडेतीन फुटी टाकी करून घेतली. वर लाकडी चौकटीत बारीक जाळी, म्हणजे हवा खेळेल. खर्च प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट झाला, आणि बायकोने हिशोब विचारला तेव्हा मी आकडा जरा हळू आवाजात सांगितला. पण ज्याला हा खर्च परवडत नाही त्याने हॅमस्टर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन झाकणाला जाळी बसवली तर खूप स्वस्तातही काम होतं. लागते ती जागा. काचच हवी असं काही नाही.

भुशाबद्दल एक सांगायला हवं. वखारीतून किंवा सुताराकडून भुसा फुकट मिळतो, पण त्यात धूळ असते, प्लायवुडचा गोंद असतो, देवदार-पाइनसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा चुराही असतो. एवढ्याशा फुप्फुसांना तो सोसत नाही. कागदाचा लगदा करून बनवलेला भुसा मिळतो, तो बरा. घरटं करायला बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून टाकायचा. कापूस मात्र अजिबात नाही, त्याचे धागे पायात अडकतात आणि पोटात गेले तर जिवावर बेततं. चाकाचा तळ सलग हवा, सळ्यांचा नको, आणि सीरियन जातीला ते जवळपास फूटभर व्यासाचं लागतं. आंघोळ घालायची नाही. एका वाडग्यात कोरडी स्वच्छ वाळू ठेवली की तो त्यात लोळून स्वतःच साफ होतो. खाण्याचा प्रश्न आपल्या घरांत सोपा आहे. बाजरी, ज्वारी, गहू, भोपळ्याच्या बिया, काकडीचा तुकडा, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा कण. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं आणि चॉकलेट द्यायचं नाही.

आणि जोडी घ्यायची नाही. "एकटा कसा राहील बिचारा, जोडी घ्या," असं प्रत्येक दुकानदार म्हणतो. आपल्यालाही ते पटतं, कारण एकटं राहणं आपल्याला दुःखाचंच वाटतं. पण सीरियन हॅमस्टर वयात आला की दुसऱ्याला सहन करत नाही, एका पिंजऱ्यातले दोन एकमेकांना फाडतात. नर-मादी असतील तर सोळा-सतरा दिवसांत पिल्लं, आणि मग ती कोणाला द्यायची म्हणून मोहल्लाभर फिरा. 2018 पासून केंद्र सरकारचे पेट शॉपबाबतचे नियम आहेत, त्यांत हॅमस्टरचं नाव घालून उल्लेख आहे आणि दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद बघायला मागा. आम्ही एका ठिकाणी मागितला तर गल्ल्यावरचा माणूस हसला. आम्ही तिथून निघालो.

आईवडिलांना सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे हा प्राणी रात्रीचा आहे. मगरिबनंतर डोळे उघडतो आणि पहाटेपर्यंत चाक फिरवतो. मूल शाळेतून येतं तेव्हा तो गाढ झोपलेला असतो. झोपेतून उचलला की चावतो, मूल रडतं, आणि पंधरा दिवसांत पिंजरा बाल्कनीत जातो. म्हणून हॅमस्टर मुलाचा असतो हे मला मान्य नाही. तो घरातल्या मोठ्या माणसाचा असतो, मुलाला बघायला मिळतो. आमच्या घरात रमजानमध्ये सहरीला त्याला सोबत मिळेल, एरवी रात्री जागा असणारा मीच.

या सगळ्याच्या पुढचा प्रश्न मरणाचा. हॅमस्टर दोन, फार तर तीन वर्षं जगतो. म्हणजे मुलगी बाराची व्हायच्या आत तो जाणार. घरात यावर मतभेद झाले. बायकोचं म्हणणं, हे आत्ता कशाला सांगायचं. मला सांगावंसं वाटलं, आणि सांगताना मी अबू उमैरची हकीकत वापरली. त्या लहान मुलाची पाळलेली चिमणीएवढी पाखरी मेली. तो उदास बसलेला दिसला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी थांबून, त्याच्या नावाशी यमक जुळवून, पाखराची विचारपूस केली. या एवढ्याशा प्रसंगावर चौथ्या हिजरी शतकात इब्नुल कास या विद्वानाने एक स्वतंत्र पुस्तिका लिहून साठ मुद्दे काढले. पक्षी पाळता येतो, हा त्यांतला आपल्याला आठवणारा मुद्दा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, उम्मतची कामं डोक्यावर असलेल्या माणसाने लहान मुलाच्या मेलेल्या पाखराला क्षुल्लक मानलं नाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याला कुठे पुरायचं?" आमच्या बिल्डिंगला अंगण नाही. कुंडी चालेल का, यावर सध्या तिचा विचार चालू आहे.

टाकी हॉलच्या कोपऱ्यात उभी आहे. उन्हाळ्यात मुंब्र्यात दुपारी वीज गेली की घराची भट्टी होते, आणि तिशीच्या वर पारा गेला की हॅमस्टरला उष्माघात होऊ शकतो. बकरीदला चार दिवस गावी जायचंय, तेव्हा दाणापाणी कोण बघणार हेही ठरायचंय. हॅमस्टरवर उपचार करणारा डॉक्टर ठाण्यात शोधून ठेवलाय, त्याचा नंबर टाकीवर चिकटवलाय. पाऊस लागून घर थंड झालं की जुलैत आणू. तोवर मुलगी रोज संध्याकाळी रिकाम्या टाकीतली बाटली धुऊन भरते. अम्मी ते बघते, आणि काल तिने विचारलं की चूह्याला बाजरी भिजवून द्यायची की कोरडी.