कब्रस्तानाची माती खरवडू नका

शब-ए-बरात जवळ आली की आमच्या कब्रस्तानात जेसीबी येतो. लोक रात्री झियारतीला येतात, साप-विंचवाची भीती असते, साफसफाई हवीच. पण झुडपं कापणं वेगळं आणि वीतभर माती खरवडून वर मुरूम पसरणं वेगळं. मग पावसाळ्यात त्याच मुरमात वृक्षारोपण होतं, फोटो निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत रोपांच्या काड्या होतात.

खरवडून फेकलेल्या मातीत झाडं होतीच, बियांच्या रूपात. बाभूळ, बहावा, टाकळा यांच्या बियांचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही. पाणी मिळत नाही म्हणून बी उगवत नाही, आणि म्हणूनच ती टिकते. सगळ्या बिया एकाच पावसाला फुटल्या आणि नंतर उघडीप पडली, तर सगळंच गेलं. त्यामुळे काही यंदा उगवतात, काही पुढे कित्येक वर्षांनी. दिवसा तापणारी आणि रात्री निवणारी माती हे कवच हळूहळू सैल करते. कधी वणवा करतो, कधी शेळीचं पोट. रोपवाटिकेतले लोक तेच काम गरम पाण्याने नाहीतर बी घासून उरकतात.

लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात १७९३ साली चीनमध्ये गोळा केलेल्या एका शिरीषाच्या बिया होत्या. १९४० मध्ये बाँबहल्ल्यात आग लागली, ती विझवताना बिया भिजल्या आणि उगवल्या. १४७ वर्षांनी!

सूरह अनआमच्या ९५व्या आयतीत अल्लाहचं वर्णन दाणा आणि खजुराची बी फोडणारा असं आलं आहे. बयानात त्यावरून मरणानंतर पुन्हा उठण्याबद्दल ऐकायला मिळतं, ते योग्यच. पण ज्या मातीत आपण आपल्या माणसांना ठेवतो, तिच्यातल्या बियांकडेही त्याच नजरेने पाहायला नको का? कबर खोदली की खोलवर दबलेल्या बिया वर येतात. पहिल्या पावसात ताज्या कबरीवर टाकळा दिसतो तो बहुधा असाच.

कमिटीकडे माझं मागणं छोटं आहे. गवत विळ्याने कापा. वाटेपुरता मुरूम टाका, बाकी जमीन उघडी ठेवा. कुंपणालगतचा एक पट्टा दोन पावसाळे शेळ्यांपासून राखा. रोपांचे पैसे तूर्तास शिल्लक राहू द्या.