छातीवर तारा लावणारे हात

केम म्हटले की लोकांना कुंकू आठवते. करमाळा तालुक्यातील या गावचे कुंकू रेल्वेने नि ट्रकने दूरदूर जाते. पण आमच्या वस्तीतला बारावी सायन्स झालेला मुलगा कुठे जातो? पोलीस भरतीला, नाही तर पुण्याला कंपनीत कंत्राटी कामावर. डॉक्टर होणे परवडत नाही म्हणून दवाखान्याचे दारच आपले नाही, असे आपण धरून चाललो आहोत.

डॉक्टर आणि वॉर्डबॉय यांच्यामध्ये तंत्रज्ञांची मोठी फळी असते. त्यातले एक काम हृदयाच्या विद्युत तपासणीचे. हृदयाचा ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो. लहर वाट चुकली की ठोके बेताल होतात. डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, त्या लहरी पडद्यावर उमटतात. पडद्यासमोर बसलेला तंत्रज्ञ यंत्रातून हृदयाला ठोके देतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजमाप घेतो, डॉक्टरांना दोषाची जागा शोधायला मदत करतो. मग डॉक्टर ती जागा उष्णतेने जाळतात. मध्येच ठोका घातक झाला तर शॉकचे यंत्र हाताशी तयार लागते. अंगावर शिशाचा जड एप्रन, आणि काम तासन्‌तास. हे ज्ञानाचे काम आहे.

या कामाची सुरुवात साध्या ईसीजीपासून होते. रुग्णाच्या छातीवर नि हातापायांवर मिळून दहा ठिकाणी तारा लावायच्या. ज्याच्या आजोबाच्या सावलीचा विटाळ मानला, त्या नातवाचा हात छातीवर! त्या वेळी कोणी जात विचारीत नाही. बरे वाटल्यावर आडनाव विचारतात, तो भाग वेगळा.

ईसीजीच्या शोधाबद्दल आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने आपल्या सोलापुरात वसतिगृह काढले. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर आधी शहरात राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते.

शंभर वर्षांनंतर अडचण तीच आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तंत्रज्ञांची पदवी आणली, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनाही आहे. पण हप्ता उशिरा येतो आणि खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. मग मुलगा गावाकडे परततो, किंवा सहा महिन्यांत ‘टेक्निशियन’ करून देणाऱ्या एखाद्या दुकानात बापाचे पैसे घालतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हृदयविषयक तंत्रज्ञांना मान्यताप्राप्त व्यावसायिकांच्या यादीत घेतले आहे. तेव्हा प्रवेशापूर्वी मान्यतेचा कागद मागितलाच पाहिजे.

केम, जेऊर, कुर्डुवाडीच्या जयंती मंडळांनी यंदा डीजेचा एक दिवस कमी करावा आणि त्या पैशातून पुण्यात दोन खोल्या वर्षभरासाठी घ्याव्यात. त्यातली एक मुलींसाठी.