विश्लेषण : मत ट्रम्प यांना, कौल मात्र गर्भपाताच्या हक्काला! अमेरिकी मतदाराचे मन वाचायचे कसे?

अध्यक्षपदाची निवडणूक जिंकणारा नेता साहजिकच ‘जनतेने आपल्या धोरणांवर शिक्कामोर्तब केले’ असा दावा करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनीही विजयानंतर अभूतपूर्व जनादेश मिळाल्याचे जाहीर केले. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी काही राज्यांत असे कौल दिले की या दाव्याचा फेरविचार करावा लागतो. उमेदवार एक आणि मुद्दा दुसरा, अशी निवड मतदार का करतात? आणि निवडून आलेले त्याची बूज राखतात का?

नेमके काय घडले?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी ट्रम्प यांनी ३१२ प्रतिनिधी मते मिळवून कमला हॅरिस (२२६) यांचा पराभव केला. देशभरातील प्रत्यक्ष मतांत मात्र अंतर कमी होते. ट्रम्प यांना सुमारे ४९.८ टक्के, तर हॅरिस यांना ४८.३ टक्के मते मिळाली. अमेरिकेत अनेक राज्यांत त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नर, सिनेटर यांच्याबरोबरच थेट प्रश्नही असतात. राज्यघटनेत अमुक दुरुस्ती करावी का, किमान वेतन वाढवावे का, यावर मतदार ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देतो. त्यामुळे एकाच मतदाराचे उमेदवाराविषयीचे आणि मुद्द्यांविषयीचे मत वेगवेगळे मोजता येते.

मिझुरीचे उदाहरण महत्त्वाचे का?

सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गर्भपाताचा देशव्यापी घटनात्मक हक्क रद्द केला. त्याच दिवशी मिझुरीत जवळपास संपूर्ण बंदी लागू झाली. हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी तिघांची नियुक्ती ट्रम्प यांनी केली होती. दोन वर्षांनी याच राज्यात ट्रम्प यांना ५८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत नोंदवणारी दुरुस्तीही ५१.६ टक्के मतांनी मंजूर झाली.

ढोबळ हिशेब केला तरी चित्र स्पष्ट होते. मिझुरीत हॅरिस यांना सुमारे १२ लाख मते मिळाली, तर दुरुस्तीच्या बाजूने १५ लाखांहून अधिक. हॅरिस यांच्या प्रत्येक मतदाराने ‘हो’ म्हटले असे धरले, तरी तीन लाखांहून अधिक मते उरतात. अन्य छोट्या उमेदवारांची मते वजा केली, तर ट्रम्प यांच्या साधारण दर सहा मतदारांपैकी किमान एकाने या दुरुस्तीला साथ दिली, असा निष्कर्ष निघतो. शिवाय किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरवर नेणारा आणि पगारी आजारपणाची रजा देणारा प्रस्तावही तिथे सुमारे ५७.६ टक्के मतांनी संमत झाला.

इतर राज्यांत काय दिसले?

ॲरिझोनात ट्रम्प जिंकले, पण सिनेटसाठी त्यांच्याच पक्षाच्या कॅरी लेक हरल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे रुबेन गॅलेगो निवडून आले. तिथे गर्भपाताच्या हक्काला सुमारे ६१.६ टक्के मते पडली. त्याच मतपत्रिकेवर बेकायदा स्थलांतराविरोधात राज्याला कारवाईचे अधिकार देणारा प्रस्तावही होता. त्याला तर ६२ टक्क्यांहून अधिक पाठिंबा मिळाला. म्हणजे ‘उदारमतवादी’ किंवा ‘परंपरावादी’ असा एकच शिक्का ॲरिझोनाच्या मतदारावर मारता येत नाही.

नेवाडा आणि मोंटाना या राज्यांनीही ट्रम्प आणि गर्भपाताचा हक्क दोन्हींना कौल दिला. फ्लोरिडात अशा दुरुस्तीला ५७ टक्के मते मिळाली. ही मते खुद्द ट्रम्प यांना तिथे मिळालेल्या मतांपेक्षा थोडी जास्तच होती. परंतु त्या राज्यात घटनादुरुस्तीसाठी ६० टक्क्यांची अट असल्याने ती फेटाळली गेली. अर्थात सगळीकडे हाच कल नव्हता. साउथ डकोटाच्या मतदारांनी ट्रम्प यांना निवडले आणि गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती नाकारली.

मतदार गोंधळलेला होता का?

तसे म्हणणे सोपे आहे, पण योग्य नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. पुढे तो उतरला, तरी वाढलेले भाव खाली आले नाहीत. मतदानोत्तर पाहणीत सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी अर्थव्यवस्थेची अवस्था वाईट असल्याचे सांगितले. किराणा आणि घरभाड्याचा राग सत्ताधारी पक्षावर निघाला. हॅरिस उपाध्यक्ष असल्याने त्यांना तो चुकवता आला नाही.

दुसरे कारण मतपत्रिकेच्या रचनेत आहे. गर्भपाताचा प्रश्न स्वतंत्रपणे समोर असेल, तर त्यासाठी उमेदवार बदलण्याची गरज उरत नाही. शिवाय हा विषय राज्यांनी ठरवावा, अशी भूमिका प्रचारात घेऊन ट्रम्प यांनी अशा मतदारांची अडचण कमी केली. उमेदवार म्हणजे बांधलेले गाठोडे असते. महागाई, स्थलांतर, परराष्ट्र धोरण, न्यायाधीशांच्या नेमणुका हे सारे एकत्रच घ्यावे लागते. मुद्द्यावरचे थेट मतदान मात्र त्या गाठोड्यातली एखादी वस्तू बाजूला काढू देते.

आपल्याकडे असे कधी घडले आहे?

गोव्यात घडले आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१, तर बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर दोनच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत, विलीनीकरणासाठी झटणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच गोमंतकीयांनी पुन्हा सत्ता दिली. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब हवेत, पण विलीनीकरण नको, हे मतदारांनी दोन वेगळ्या मतांतून सांगितले. कौल घेतलाच नसता, तर मार्चमधील विजयाचा अर्थ ‘विलीनीकरणाला होकार’ असाच लावला गेला असता.

निकालानंतर पुढे काय झाले?

खरी कसोटी इथेच आहे. मिझुरीत आजारपणाच्या पगारी रजेची तरतूद मे २०२५ मध्ये लागू झाली आणि ऑगस्टअखेर रद्दही झाली. तो प्रस्ताव साध्या कायद्याच्या स्वरूपात होता. त्यामुळे रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाला तो बदलण्यासाठी मतदारांना पुन्हा विचारावे लागले नाही.

गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत असल्याने तो परस्पर काढता येत नाही. म्हणून तो मागे घेऊन बहुतांश गर्भपातांवर बंदी आणणारी नवी दुरुस्ती नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवण्याचा ठराव विधिमंडळाने मे २०२५ मध्ये केला. त्यात अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवरील बंदीही जोडण्यात आली. दोन वेगळे विषय, उत्तर मात्र एकच. मतदाराने सोडवलेले गाठोडे पुन्हा बांधण्याचाच हा प्रकार आहे.

यातून बोध काय?

थेट मतदान हा रामबाण उपाय नाही. प्रश्नाची शब्दरचना, प्रचारातला पैसा आणि मंजुरीसाठीची टक्केवारी यांवर त्याचा निकाल ठरू शकतो. अल्पसंख्याकांचे हक्क बहुमतावर सोडण्याचा धोकाही त्यात असतो. तरीही मिझुरी आणि ॲरिझोनाचे आकडे एक गोष्ट दाखवून देतात. नेत्याला मिळालेले मत म्हणजे त्याच्या जाहीरनाम्यातील प्रत्येक ओळीखालची सही नव्हे.

जिंकलेल्याला राज्य करण्याचा अधिकार जरूर मिळतो. पण ज्या मुद्द्यावर मतदारांनी वेगळे उत्तर स्पष्टपणे दिले आहे, तिथे ‘जनादेश’ हा शब्द पुढे करून ते उत्तर पुसणे म्हणजे त्याच मतदाराचे अर्धे मत मोजणे आणि अर्धे बाद ठरवणे होय.