आधी सेन्सर, मग पंप

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातला रविवार, धरणाच्या कडेची भजी आणि पुढे ताम्हिणी. जुलैमधल्या अशाच एका रविवारी आम्ही चौघं बाइकवर निघालो आणि मी आमच्याच तालुक्यात एक धडा शिकून आलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मला टाइप १ डायबेटिस आहे, अकरा वर्षं झाली. (नाही, गोड खाऊन होत नाही तो. हा प्रश्न विचारायचा असेल तर आत्ताच गिळून टाका.) माझं स्वादुपिंड इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. आधी पेन टोचायचो, आता खिशात पंप आहे. त्याची बारीक नळी पोटात गेलेली असते आणि दंडावर सेन्सर चिकटवलेला असतो. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा देतो, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. पंप ते बघून इन्सुलिन कमी-जास्त करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. जेवताना मात्र किती कार्ब्ज खातोय ते अजूनही मलाच सांगावं लागतं.

तर त्या दिवशी नाश्त्याला पोहे हाणले, त्याचं इन्सुलिन घेतलं आणि वर तासभर डोंगर चढलो. पंप बोंबलायला लागला. ७२, आणि बाण खाली. ग्लुकोजची पावडर खाल्ली. दहा मिनिटांनी बघतो तर ६१! घाबरून आख्खा बिस्किटपुडा संपवला. मग मित्र म्हणाला, अरे बोट टोचून बघ ना. टोचलं तर ११८. रक्तातली साखर केव्हाच वर आली होती, सेन्सरला ते अजून कळलं नव्हतं. बिस्किटांचं फळ म्हणून दोन तासांनी २७० वर पोचलो, ते वेगळंच.

कारण साधं आहे. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. तिथे बदल पोचायला काही मिनिटं लागतात. त्यात 'झटपट' इन्सुलिनचा जोर ओसरायला तीन-चार तास. उशिरा येणारा फीडबॅक आणि उशिरा थांबणारी कृती असली की सिस्टिम हेलकावे खाणारच, हे आपण कॉलेजात शिकलो होतो. पेपरात मार्क मिळाले, डोंगरावर विसरलो!

हे सगळं नाटक एका टपरीवर चाललं होतं. चहावाल्या मावशी नळीकडे बघत होत्या. "दादा, शुगर हाय का तुमाला? आमच्या पोराला पन हाय." पोरगा बारा वर्षांचा. बाटलीतलं इन्सुलिन, सिरिंज, दिवसातून दोनदा. पावसात लाइट जाते म्हणून बाटली मातीच्या मडक्यात ठेवलेली. बोट टोचायच्या पट्ट्या महाग, म्हणून आठवड्यातून एक-दोनदाच.

"रात्री कसं कळतं हो मावशी, साखर कमी झाली तर?"

"मी उठती ना दोनदा. पाठीवर हात फिरवून बघती, घाम आलाय का."

मी गप्प बसलो. माझ्याकडे २८८ आकडे आणि त्यांच्याकडे एक हात. तोही झोप लागली तर नाहीच.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, घरचे असोत नाहीतर एखाद्या कंपनीच्या सीएसआरचे, तर आधी सेन्सर घ्यावा. पंप नंतर.

एक, हे नुसतं माझ्या मनाचं नाही. चेक प्रजासत्ताकात टाइप १ असलेल्या ९४ प्रौढांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला, निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सेन्सर लावणाऱ्यांची साखर सुधारली, मग ते पंप वापरोत की पेन. सेन्सरशिवाय नुसता पंप असणारे मागे राहिले.

दोन, बिघडल्यावर काय होतं ते बघा. सेन्सर बंद पडला तर तुम्ही पुन्हा बोट टोचता, बस. पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं. नळी दुमडली, तुंबली तर काही तासांत शरीरात इन्सुलिनच उरत नाही, कीटोन वाढतात आणि गाठ हॉस्पिटलशी पडते. म्हणून पंपवाल्याने जवळ पेन ठेवायलाच हवं. मी ठेवतो. घाटातल्या घरात हा सगळा बॅकअप कोण सांभाळणार?

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. त्या अभ्यासातले पंप आजच्यासारखे स्वतः इन्सुलिन ठरवणारे नव्हते. आजचा पंप रात्री जे सांभाळतो ते पेनने जमत नाही, आणि माझा मी सोडणार नाही. पण तो लाखांत जातो. सेन्सरही स्वस्त नाही, महिन्याला काही हजार लागतात, वर अलार्म वाजायला फोन हवा. तरी एका पंपाच्या पैशात एका पोराच्या बऱ्याच रात्री सुखाच्या जातील. त्याच्या आईच्याही.

एप्रिल १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहाला सुरुवात झाली. पुढच्याच महिन्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट कामाला लागले, त्यातून इन्सुलिन मिळालं. १९२३ साली त्यांनी आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षं उलटली तरी एकाच तालुक्यात एक जण खिशात पंप घेऊन फिरतो आणि एक पोरगा आईच्या हातावर अवलंबून आहे.

आपले मेडिक्लेम बहुतेक वेळा हॉस्पिटलात भरती झाल्यावरच हात सैल करतात. येत्या रिन्यूअलला एचआरला एवढंच विचारा, सेन्सर कव्हर होतो का? मी विचारलंय. "बघतो" म्हणालेत.

(मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि घाटात जाताना ग्लुकोमीटर न्या, बिस्किटं बेताने.)