विश्लेषण : अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी, मग जुन्या घरातल्या टाइल्सचं काय?

अमेरिकेत जुनं घर घेतलं, स्वयंपाकघरातल्या टाइल्स उखडल्या आणि खाली ओक लाकडाची जमीन निघाली, तर कुणालाही लॉटरी लागल्यासारखं वाटेल. सँडिंग मशीन भाड्याने आणायचं, घासायचं, पॉलिश मारायचं. अशा 'बिफोर-आफ्टर' व्हिडिओंना लाइक्सही भरपूर मिळतात. तिथे जुनी घरं घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र मशीन सुरू करण्याआधी थोडं थांबायला हवं.

धोका नेमका कुठे?

विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेल्या अनेक टाइल्समध्ये, विशेषतः नऊ इंची चौकोनी टाइल्समध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. व्हिनाइल शीटच्या पाठीवरच्या कागदी थरात ते आणखी जास्त असू शकतं. आणि लाकडाला चिकटून राहणारा तो डांबरासारखा काळा थर? टाइल्स चिकटवण्याच्या त्या गोंदातही अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असे. लोक टाइल्सना घाबरतात आणि हा थर मात्र बिनधास्त घासतात.

टाइल अखंड असेपर्यंत तंतू आत अडकलेले असतात. सँडिंगने त्यांची बारीक धूळ होते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि तासन् तास हवेत राहते. त्यातून होणारे फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा हे आजार अनेक दशकांनी समोर येतात. त्यामुळे 'आम्ही घासलं, काही झालं नाही' या कमेंटला काही अर्थ नाही.

बंदी आहे ना?

आहे, पण नव्या मालावर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८९ मध्ये बंदी आणली. १९९१ मध्ये न्यायालयाने तिचा बहुतांश भाग रद्द केला, फरशीखालच्या फेल्टसारख्या मोजक्या वस्तूंवरची बंदी तेवढी टिकली. क्रायसोटाइल या तोवर आयात होणाऱ्या प्रकारावर मार्च २०२४ मध्ये बंदी आली. जून २०२५ मध्ये ईपीएने तिचा पुनर्विचार करू म्हटलं आणि जुलैत माघार घेतली.

या सगळ्या खटाटोपात तुमच्या स्वयंपाकघरातली टाइल कुठेच नाही. इमारतींमध्ये आधीपासून असलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका ईपीएने नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात मान्य केला, पण अहवाल म्हणजे नियम नव्हे. पाडकाम आणि नूतनीकरणाच्या केंद्रीय नियमातून चार किंवा कमी घरांच्या निवासी इमारती वगळल्या आहेत. म्हणजे उरतात राज्याचे नियम आणि तुमची सावधगिरी.

भारतात प्रश्न पायाखाली नाही, डोक्यावर आहे. आपल्या जमिनी शहाबादी, कोटा, मोझॅकच्या. अ‍ॅस्बेस्टॉस आहे ते छताच्या सिमेंटच्या पत्र्यात. क्रायसोटाइलची आयात इथे अजून चालू आहे आणि पत्र्याला भोक पाडताना उडणारी धूळ तितकीच घातक असते.

मग करायचं काय?

नुसतं बघून कळत नाही, त्यामुळे तपासणी होईपर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरा. प्रशिक्षित माणसाकडून टाइल आणि गोंद यांचे वेगवेगळे नमुने घ्यायला लावा. टाइल निर्दोष आणि गोंद दोषी, असंही निघतं. प्रमाण १ टक्क्याहून जास्त असेल तर तो माल अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त मानला जातो.

टाइल्स शाबूत असतील तर त्यांवरच नवी जमीन घालणं बहुतेकदा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित. ओक लाकूड दिसणार नाही, हे खरं. काढायच्याच असतील तर परवानाधारक कंत्राटदार बोलवा.

आधीच घासून बसला असाल तर मशीन बंद करा. झाडू नका, घरगुती व्हॅक्युम तर अजिबात फिरवू नका, त्यातून तंतू आणखी पसरतात. हीटिंग किंवा एसीचा पंखा बंद करून खोलीचं दार लावा आणि तज्ज्ञाला फोन करा. साधा धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही.

आणि जुन्या टाइल्स झाकून टाकल्यात, तर खाली काय आहे याची नोंद घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढचा मालकही कधीतरी मशीन भाड्याने आणेलच.