हौसेचे मासे आणि कामाचा परवाना

उमरगा, परंडा, कळंब. गेल्या काही महिन्यांत या तिन्ही बाजूंच्या पालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, फक्त प्रत्येकाचे शब्द वेगळे होते. एकाचा मुलगा आखातात ड्रायव्हर आहे. मालकाच्या शेतातल्या तळ्यात मासे सोडलेत आणि सुटीच्या दिवशी हा त्यांना खाद्य टाकायला जातो. दुसऱ्याच्या भाच्याला नातेवाइकाने बोलावलं आहे: "व्हिजिट व्हिसावर ये. पगार नाही, पण राहायला-खायला आहे. माशांच्या टाक्या बघायच्या, एवढंच." घरच्यांना वाटतं, मासे पाळणं ही हौस. हौसेला कसला आलाय परवाना?

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात पाण्याची ओढाताण कायमची असली तरी २०१६ मध्ये राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, त्यानंतर मत्स्यपालन बऱ्याच घरांच्या ओळखीचं झालं. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा, रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडायचं. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून श्वास घेऊ लागले की प्राणवायू कमी पडला हे ओळखायचं आणि लगेच पाणी खेळतं करायचं. हे सगळं आपली पोरं खेळता खेळता शिकली. त्यांना हे काम वाटत नाही. पण तिकडच्या तळेमालकाला याच कसबाची गरज असते आणि एरवी तो त्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवतो.

उत्तराची सुरुवात इथूनच होते. पगार मिळतो की नाही एवढंच कायदा बघत नाही. तुम्हाला देशात कशासाठी येऊ दिलं आणि तुम्ही तिथे कुणासाठी काय करता, हेही तो बघतो. खोलीत काचेच्या पेटीत चार रंगीत मासे ठेवले तर त्यासाठी कुणी कामाचा परवाना मागत नाही. भाड्याच्या घराच्या अंगणात टाकी ठेवून घरच्यापुरते मासे पाळले तरी ती साधारण हौसच. मात्र तळं दुसऱ्याचं असेल किंवा मासे विकले जात असतील, तर हौस हा शब्द अपुरा पडतो. पैसे हातात नाही आले आणि बदल्यात जेवण, खोली, तिकीट मिळालं, तरी तो मोबदलाच.

देशोदेशीचे नियम पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. थायलंडमध्ये परदेशी लोकांच्या कामाचा सध्याचा कायदा २०१७ चा असून २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. मालक असो वा नसो, कोणताही व्यवसाय करणं म्हणजे काम, असं तो मानतो. म्हणजे "मी कुणाचा नोकर नाही" हे उत्तर तिथे चालत नाही. त्या देशाने १९७९ मध्ये परदेशी माणसांना मनाई असलेल्या ३९ व्यवसायांची यादी केली, तिच्यात शेती आणि पशुपालनाबरोबर मत्स्यव्यवसायही होता. पुढे काही सवलती आल्या, पण परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बात दंड आणि मायदेशी रवानगी आहे.

आपल्या जिल्ह्यातली मुलं मुख्यतः आखातात जातात. सौदी अरेबियाचा कामगार कायदा २००५ चा. त्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे परवान्यावर जो पेशा लिहिला आहे त्याहून वेगळं काम मालकाने द्यायचं नाही. ३९ व्या कलमाप्रमाणे आपला कामगार दुसऱ्याकडे कामाला पाठवायचा नाही आणि त्याला स्वतःचा धंदाही करू द्यायचा नाही. घरकामगार आणि घरच्या ड्रायव्हरसाठी नियमावली वेगळी आहे, पण कागदावरचं काम एक आणि प्रत्यक्षातलं दुसरं, ही अडचण त्यांनाही येतेच. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे कुणाला कामावर ठेवता येत नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तसं करणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड होऊ शकतो. एवढा दंड समोर दिसला की कोणता मालक म्हणेल, "हा माझ्या सांगण्यावरून काम करत होता"? तो म्हणणार, "मी याला ओळखतच नाही."

ब्रिटनमध्ये मुलीकडे, सुनेकडे जाणाऱ्या आई-वडिलांचंही तसंच. व्हिजिटर म्हणून गेलेल्याने नातवाच्या माशांना खाद्य टाकलं तर कुणाची हरकत नाही. पण जावयाच्या ओळखीच्या माणसाच्या दुकानात किंवा मत्स्यपालन केंद्रात, मोबदला न घेता का होईना, रोज हात लावायला जाणं नियमात बसत नाही.

काहींना हा परक्या देशांचा आडमुठेपणा वाटतो. म्हणून थोडं आपल्याकडे बघू. लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा धरण आहे, परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव आहे. आपल्या राज्यात अशा जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. काठावरच्या गावचा माणूससुद्धा जाळं घेऊन हवं तेव्हा उतरू शकत नाही. मग उद्या कुणी परदेशी टुरिस्ट व्हिसावर आला आणि आपल्या गावात तळं चालवायला घेऊन बसला, तर आपण काय म्हणू? टुरिस्ट व्हिसावर नोकरी-धंदा करायला आपलाही कायदा परवानगी देत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेली आपलीच मुलं ओसीआय कार्डावर परत आली, तरी त्यांना इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारशाने मात्र मिळू शकते. परदेशात कमावून गावाकडे शेततळं करायचं स्वप्न बघणाऱ्यांनी नागरिकत्व बदलण्याआधी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक गोष्ट. कामाचा परवाना आणि माशाचा परवाना या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपल्याकडे थाई मागूर पाळायला बंदी आहे, कारण तो देशी मासे फस्त करतो. तशी कोणते मासे पाळावेत, बीज कुठून आणावं, पाणी किती वापरावं यावर इतर देशांतही बंधनं असतात. खिशात कामाचा परवाना असला म्हणून वाटेल तो मासा तळ्यात सोडता येत नाही.

आता एजंटकडे येऊ. कारण "हौसेचं काम" हा शब्द बहुतेक वेळा मुलाच्या तोंडचा नसतो, तो एजंटने शिकवलेला असतो. साधारणपणे दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर शेरा असतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया, थायलंड यांसह १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते. त्या वेळी करार, पगार, विमा तपासला जातो. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. एजंटची पळवाट हीच. "आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो," असं तो सांगतो. मंजुरी नाही म्हणजे तपासलेला करार नाही आणि या वाटेने जाणाऱ्यांसाठी असलेला प्रवासी भारतीय विमाही नाही. हा विमा दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर त्यात १० लाख रुपयांचं संरक्षण असतं. तळ्यावर विजेचे पंप असतात, ओल्या कडा असतात, खोल पाणी असतं. तिथे काही झालं तर घरच्यांच्या हातात काय उरेल, याचा हिशेब निघण्याआधी करायला हवा.

'आझाद व्हिसा' हेही तसंच गोड नाव. कागदावर एक कफील, काम दुसरीकडे. कफीलने पळून गेल्याची तक्रार केली की त्या मुलावर हुरूबचा शिक्का बसतो. मग पगार बुडाला तरी तक्रार करायला जायची भीती, आजारी पडला तरी दवाखान्यात जायची भीती. इकडे आईने दागिने गहाण ठेवून दिलेलं कर्ज मात्र दर महिन्याला वाढतच असतं.

म्हणून मुलाला निरोप देण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून काही गोष्टी विचाराव्यात. तळं कुणाचं आहे? मासे खाणार कोण, विकणार कोण? व्हिसावर कोणता पेशा लिहिला आहे आणि मालकाचं नाव तेच आहे का? एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो का? नोंदणीकृत एजंटला सेवा शुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. तो त्याहून जास्त मागतो का, पावती देतो का? करार अरबीत असेल तर सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्या. आपल्या वस्तीत अरबी वाचणारे बरेच असतात, पण कराराची अरबी समजणारा माणूस शोधावा लागतो.

जे आधीच तिकडे आहेत आणि ज्यांना खरंच मत्स्यपालनात हात घालायचा आहे, त्यांच्यासाठी सरळ वाटाही आहेत. अमिरातीत अर्धवेळ कामाचा परवाना मिळतो. सौदीत एका आस्थापनेचा कामगार काही काळ दुसरीकडे नोंदवून कामाला पाठवण्यासाठी 'अजीर' ही सरकारी व्यवस्था आहे. मालकालाच सांगावं, "काम करतो, पण कागद करून द्या." मालक चांगला असेल तर तो ऐकेल. तो टाळाटाळ करू लागला, तर त्या तळ्यापासून लांब राहिलेलं बरं. माशांना खाद्य दुसरा कुणी टाकेल. घरी पैसे पाठवणारा मात्र हा एकटाच आहे.